पू म्हणजे फूल

दिवाळीच्या अंकात साखरेच्या आजाराबद्दल लिहायचं म्हणजे लग्नाच्या पंगतीत एरंडेलाची बाटली फिरवल्यासारखं होणार, हे मला कळतं. मराठी मंडळाकडून "ताई, नोकरीतले अनुभव लिहा, जरा गमतीदार असले तर बरं" असा निरोप आला, तेव्हाच मी सांगून टाकलं होतं की माझ्याकडे गमती थोड्या आहेत आणि पाय पुष्कळ आहेत. त्यांना तेही चालणार होतं, म्हणून लिहिते आहे.

मी नर्स. मिरजेला शिकले आणि लग्न होऊन चेन्नईजवळ आवडीला आले. आमचे हे तिथे संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते, त्यामुळे निम्मा संसार सरकारी क्वार्टर्समध्ये झाला. आता दोघंही निवृत्त होऊन वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्ये राहतो. चेन्नईतल्या एका हॉस्पिटलच्या मधुमेह विभागात मी नोकरी केली, आणि तिथेही बहुतेक काळ एकाच खोलीत. त्या खोलीत फक्त पाय बघायचे. आलेल्या माणसाचे पाय कोमट पाण्याने धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, घट्टे तासायचे, नखं कापायची, जखम असेल तर साफ करून बांधायची. आपल्याकडे पाय धुतात ते जावयाचे, नाहीतर गुरूचे. मी पगार घेऊन कोणाचेही धुतले. माझ्या सासूबाई चारचौघांत "सून मोठ्या हॉस्पिटलात आहे" एवढंच सांगून विषय बदलायच्या.

या कामाचं मर्म सांगते. शुगर अंगात बरीच वर्षं मुरली की नसा मरायला लागतात, आणि त्या टोकाकडून मरत येतात. आधी पायाची बोटं, मग तळवा, मग घोटा. सुरुवातीला मुंग्या येतात, तळव्यांची आग होते, अंगावरचं पांघरूणसुद्धा पायाला सोसत नाही. मग कधीतरी सगळं शांत होतं. पेशंट हसत हसत सांगत येतो, "सिस्टर, आग गेली, गोळीचा गुण आला." तो हसला की आम्ही त्याला आधी चपला काढायला लावायचो. कारण दुखणं गेलं म्हणजे पायाची राखणच गेली. आता खिळा टोचू दे, खडा रुतू दे, चप्पल चावू दे, माणसाला पत्ता लागत नाही. तो त्याच पायावर चालत राहतो आणि जखम आतल्या आत हाडापर्यंत जाते.

हे तपासायला आमच्याकडे एक साधा नायलॉनचा दोरा असतो. पेशंटने डोळे मिटायचे, आपण तळव्याला ठिकठिकाणी दोरा टेकवायचा आणि विचारायचं, "तेरियुदा?" म्हणजे कळतंय का? इथली गावाकडची माणसं अतिशय भिडस्त. सिस्टर एवढ्या प्रेमाने विचारते आहे तर नाही कसं म्हणायचं, म्हणून ती सगळ्याला "तेरियुदु" म्हणतात. म्हणून मी मधूनच दोरा न टेकवता विचारायची. तरीही "तेरियुदु" आलं की मी समजून जायची.

हॉस्पिटलची एक गाडी होती. ती घेऊन आम्ही तिरुवळ्ळूरच्या पुढच्या, भाताच्या आणि भुईमुगाच्या गावांत शिबिरं घ्यायचो. शहरातले लोक मला विचारायचे, उन्हात राबणाऱ्या शेतकऱ्याला शुगर कशी होईल? आणि गावातले लोक विचारायचे, आम्ही काय एसीत बसतो का, आम्हाला कशाला शुगर होईल? दोघांचाही मला सारखाच राग यायचा. अहो, ताटात बघा आणि शेतात बघा! या गावांत म्हातारी माणसं सकाळी नाचणीची आंबील पिऊन शेतावर जायची. आता रेशनचा पांढरा तांदूळ तिन्ही वेळा ताटात असतो. तो पोट भरतो, स्वस्त आहे, पाहुण्यापुढे ठेवायला लाज वाटत नाही. नांगरट ट्रॅक्टर करतो, लावणीला यंत्र येतं, पाण्याची मोटर घरात बसून फोनवरून सुरू होते. बांधावर जायला मोटरसायकल. राबणं गेलं, पण राबणाऱ्याचं जेवण राहिलं. त्यात टपरीवरचा पाकासारखा चहा, बिडी, संध्याकाळचं दारूचं दुकान. आईला शुगर, मामाला शुगर. आणि पीक येईल का, भाव मिळेल का, ही काळजी तर कुठल्याच तपासणीत दिसत नाही. रक्त तपासायचं तर बसने तालुक्याला जायचं, म्हणजे दिवस मोडला. त्यामुळे शुगर आहे हे कळतं ते पाय चिघळल्यावर.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. भुईमूग पिकवणारा एक जण पायाच्या अंगठ्याला जखम घेऊन यायचा. बांधून पाठवला की पुन्हा नवी जखम घेऊन हजर. बायको म्हणायची हे दारू पिऊन पडतात, तो म्हणायचा मी पडत नाही. शेवटी मी जखमेच्या कडा नीट बघितल्या तर बारीक दातांच्या खुणा. घरात शेंगांची पोती, पोत्यांमागे उंदीर, आणि हा जमिनीवर झोपणारा. उंदीर अंगठा कुरतडत होते आणि हा घोरत होता. ऐकून तो आधी खूप हसला. मग त्याने आपल्या अंगठ्याकडे बघितलं आणि त्याला रडू आलं. मी त्याला झोपताना घालायला जाड मोजे दिले आणि मांजर पाळायला सांगितलं. मांजराचं प्रिस्क्रिप्शन लिहिणारी आमच्या हॉस्पिटलातली मी एकटीच.

आमच्या गाडीत मुकुंदराव असायचे. हे तंजावरकडचे मराठी. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या तिकडेच राहिलेलं, महाराष्ट्र त्यांनी फक्त नकाशात बघितलेला. शुगरच्या पेशंटसाठी ते मऊ रबराच्या चपला बनवायचे. या चपलांना अंगठा नसतो, मागून पट्टा असतो, कारण बधिर पायातून साधी चप्पल निसटते आणि माणसाला कळतही नाही. पण तसलं काळं रबर पूर्वी कुष्ठरोग्यांना द्यायचे, त्यामुळे गावात ती चप्पल घालून फिरायला कोणी तयार नसायचं. मुलीचं लग्न मोडेल म्हणायचे. मुकुंदराव मग वरून तपकिरी चामडं चढवून तिला अगदी दुकानातल्या चपलेसारखं रूप द्यायचे. आम्ही दोघं मराठीत बोललो की ड्रायव्हर म्हणायचा, तुम्ही दोन वेगळ्या भाषा बोलता. त्यात तथ्य होतं. "बाई, तुमची मराठी फार धांवते," असं मुकुंदराव म्हणायचे. "अमची कशी, बसून बोलते."

कोविड ओसरल्यावर शिबिरं पुन्हा सुरू झाली आणि त्यातल्याच एका शिबिरात एकांबरम भेटले. साठीच्या आसपासचे, काटक, कपाळावर भस्म, लुंगीसारखी पांढरी वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडलेली. थोडी भातशेती, घरी बायको. एकुलती एक मुलगी सेल्वी चेन्नईला पेरुंगुडीत कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. तिनेच फोन करकरून बापाला शिबिराला पाठवलं होतं. शुगर बरीच जास्त निघाली. मी पाय धुतले, दोरा काढला. त्यांनी डोळे मिटले आणि सगळ्याला "तेरियुदु, अम्मा" म्हणत गेले. मी दोरा न टेकवता विचारलं, तरी "तेरियुदु". मग त्यांना डोळे उघडायला सांगितलं, त्यांच्यादेखत तळव्यावर दोरा वाकेपर्यंत दाबला आणि विचारलं, खरं सांगा अय्या (इथे वडीलधाऱ्या पुरुषाला अय्या म्हणतात). त्यांनी वाकलेल्या दोऱ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "नाही कळत."

घोट्याखाली दोन्ही पाय बधिर होते. मी नेहमीचं सगळं सांगितलं. अनवाणी चालायचं नाही, शेतातसुद्धा नाही, रोज तळवे आरशात बघायचे, गरम पाण्यात पाय घालायचा नाही. ते नीट ऐकत होते. मग संकोचाने म्हणाले, "एवढं एक विचारतो. आडी महिन्यात आमच्या अम्मनची जत्रा असते. तेव्हा मी पू मिदिक्किरदु करतो. ते चालेल ना?"

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आडी म्हणजे साधारण आपला आषाढ, आणि अम्मन म्हणजे गावदेवी. तमिळमध्ये पू म्हणजे फूल. लग्न होऊन आवडीला आले त्या आठवड्यात दारावर एक बाई "पू! पू!" ओरडत आली, तेव्हा मिरजेहून आलेली मी नर्स दचकून दारात गेले होते आणि तिच्या टोपलीतल्या मोगऱ्याकडे बघत राहिले होते. पुढे सवय झाली. घरी पू म्हणजे गजरा, ड्यूटीवर पू म्हणजे पू. आणि मिदिक्किरदु म्हणजे पाय देणं, तुडवणं. देवीसमोर फुलं अंथरलेली असतील आणि हे त्यावरून चालत जात असतील, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं.

"फुलांवरून चालायला काय हरकत आहे, अय्या," मी म्हटलं. "काटा नाही ना, एवढं बघा."

शेजारी बसून पायांची मापं घेणाऱ्या मुकुंदरावांनी मान वर केली. ते मराठीत म्हणाले, "बाई, फुलं नव्हेत तीं. विस्तू अहे, विस्तू. ह्या लोकांत विस्तवाला फूल म्हणतात. निखाऱ्यावरून चालतात हे."

मी ताबडतोब म्हटलं, "नाही अय्या. ते अजिबात नाही. निखाऱ्यावर पाय ठेवायचा नाही."

एकांबरम यांना राग आला नाही. उलट त्यांचा चेहरा उजळला. आपल्या पायांबद्दल काहीतरी चांगलं सांगायला मिळतंय, असा तो चेहरा होता. सेल्वी लहान असताना तापाने फणफणली होती, डॉक्टरांनी आशा सोडली होती. तेव्हा त्यांनी अम्मनला नवस केला की पोर वाचली तर पायांत बळ असेपर्यंत दर वर्षी निखाऱ्यावरून चालेन. पोर वाचली. हे चालत राहिले. "आधी आधी भाजायचं अम्मा," ते म्हणाले. "फोड यायचे. फोड आला म्हणजे उपवासात काही चुकलं, मन स्वच्छ नव्हतं, असं आमच्याकडे धरतात. मी फोड लपवायचो. बायकोलासुद्धा दाखवायचो नाही. पण आता किती वर्षं झाली, मला काहीच लागत नाही. खरंच फुलं. अम्मनने मला पदरात घेतलं. गावात पहिला मान माझा असतो, सगळ्यांच्या पुढे मी चालतो."

मुकुंदराव माप घ्यायचे थांबले. मला पुढचं बोलणं भाग होतं. एवढ्या वर्षांत मी अनेकांना वाईट बातम्या दिल्या, बोट काढावं लागेल, पाय काढावा लागेल, पण अशी कधी नाही. मी सांगितलं की अय्या, फुलं नव्हती. ही शुगर आहे. तुमचा तळवा भाजत होता, तुम्हाला कळत नव्हतं. इतकी वर्षं जाड घट्ट्यांमुळे आणि भरभर चालल्यामुळे वाचलात.

आपला उजवा पाय मांडीवर घेऊन त्यांनी तळव्यावरून बोट फिरवलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं ती नव्हती?"

मी देव मानते, उपास करते, पण तिथे माझ्याकडे फक्त दोऱ्याचं उत्तर होतं. "ते मी कशी सांगू अय्या," एवढंच मी म्हटलं.

चपला तयार झाल्यावर सेल्वी त्यांना घेऊन हॉस्पिटलात आली. गळ्यात ऑफिसची पट्टी, पाठीवर बॅग, बोलणं तडकफडक. शिबिरात काय झालं ते तिला कळलेलं होतं. "सिस्टर, तुम्हीच सांगा यांना," ती म्हणाली. "लहानपणापासून मी दर वर्षी त्या निखाऱ्यांच्या खड्ड्यासमोर उभी राहते आणि डोळे मिटून घेते. माझ्यासाठी कोणीतरी आगीवरून चालतंय, हे ओझं मला नको झालंय."

"तू जगलीस ना?" एकांबरम म्हणाले.

"आता मी मोठी झाले, अप्पा. मी आपली आपण जगेन."

"असं बोलू नये," ते घाईने म्हणाले आणि त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

देवाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे मी पायांच्या खोलीत शिकले. तिथे तडजोड करावी लागते. मुकुंदरावांनी सुचवलं की निखाऱ्याऐवजी दुधाची घागर डोक्यावर घेऊन देवीला घालावी, पुष्कळ जण घालतात, पुजाऱ्याला विचारा. त्या फेरीत पायात चप्पल नाही चालली, तर जाड कापड गुंडाळावं. एकांबरम हो म्हणाले. सेल्वीने तिथल्या तिथे पुजाऱ्याला फोन लावला आणि त्यानेही होकार दिला. जाताना एकांबरम यांनी नवी चप्पल घालून खोलीत दोन फेऱ्या मारून दाखवल्या. मुकुंदरावांना हात जोडले. मला म्हणाले, "अम्मा, तुम्ही मला वाचवलंत." मी खूश झाले. त्या दिवशी मी घरी जाताना मोगऱ्याचा गजरा घेतल्याचंही आठवतं.

आडी महिना सरला. आम्ही दुसऱ्या गावांत फिरत होतो. एके दिवशी ओपीडीच्या दारात व्हीलचेअर आली आणि तिच्या आधी वास आला. हा वास ज्याने एकदा घेतला आहे, त्याला तो ओळखायला चेहरा बघावा लागत नाही. व्हीलचेअर सेल्वी ढकलत होती. एकांबरम यांचे दोन्ही पाय जुन्या वेष्टीच्या फडक्यात बांधलेले होते. आत हळद आणि कडुनिंबाचा लगदा लावला होता.

मी फडकं पाण्याने भिजवून भिजवून सोडवलं. डाव्या पायावर भाजल्याच्या मोठ्या जखमा होत्या, पण खाली लाल मांस दिसत होतं. उजव्या तळव्यात काही उरलं नव्हतं. बोटं काळी पडली होती. मला दोन्ही भाषांतला पू आठवला आणि स्वतःचीच चीड आली.

"घागर घेणार होतात ना?" मी विचारलं. आवाज चढला होता माझा.

उत्तर सेल्वीने दिलं. जत्रेला तिला सुट्टी मिळाली नव्हती, आणि दुधाच्या घागरीचं ठरलंय म्हणून ती निर्धास्त होती. वडिलांनी घागर घेतली, देवीला घातली. मग निखाऱ्याजवळ जाऊन हातावर चालणाऱ्यांचा पिवळा धागा बांधून घेतला आणि रांगेत सगळ्यांच्या पुढे जाऊन उभे राहिले. नंतर फोड आले, फुटले. ते त्यांनी लपवले. आईने बघितलं तर तिला सेल्वीला न सांगण्याची शपथ घातली. फोनवर दोघंही म्हणायची, सगळं छान. ती महिनाअखेरीला घरी गेली, तर घरात उदबत्त्या लावलेल्या होत्या आणि तरी वास येत होता.

मी एकांबरम यांच्याकडे बघितलं. तापाने त्यांचे डोळे लाल झाले होते, पण बोलणं स्वच्छ होतं.

"तुम्ही म्हणालात ना अम्मा, मी भरभर चालायचो म्हणून वाचलो. म्हणून या वेळी मी हळू चाललो."

"का पण, अय्या?"

"बघायला. चटका बसतो का बघायला. एक पाऊल टाकायचो, थांबायचो. थोडासा जरी चटका बसला असता तरी मी मानलं असतं की ती आहे. माझ्याकडे तिचं लक्ष आहे. लोक ओरडत होते, चल म्हणून. मी मध्यावर उभा राहिलो. काहीच नाही कळलं."

मी तोंड फिरवून सलाईनची बाटली शोधत राहिले. ती समोरच होती. मी त्यांना खरं सांगितलं ते बरोबरच होतं, कुठल्याही नर्सने तेच सांगितलं असतं. आजही कोणी विचारलं तर मी हेच म्हणेन. पण त्या दिवशी मला असं वाटलं की या माणसाच्या पायाखाली फुलं होती ती मी काढून घेतली आणि तिथे निखारे ठेवले. आजही कधी कधी तसं वाटतं.

सर्जननी डावा पाय वाचवायचा प्रयत्न करू म्हटलं. उजवा गुडघ्याखाली काढावा लागणार होता, नाहीतर विष अंगात पसरलं असतं. सेल्वीने सही केली. एकांबरम यांनी हरकत घेतली नाही. फक्त माझ्याजवळ विचारलं, "नवस मोडला का अम्मा? पायांत बळ असेपर्यंत म्हणालो होतो." मी म्हटलं, अय्या, बळ असेपर्यंत तुम्ही चाललात. त्यावर त्यांनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालं नाही, ते दिसत होतं. त्यांना भीती पायाची नव्हतीच. देवीचं लक्ष नसताना आपण वर्षानुवर्षं चाललो, म्हणजे नवस कधीच पोचला नाही, मग आता सेल्वीचं काय, ही त्यांची भीती होती. सेल्वीला पेरुंगुडीहून यायला जरा उशीर झाला की ते वॉर्डातल्या प्रत्येकाला वेळ विचारायचे. रस्त्यावर गाड्या फार, म्हणायचे. लिफ्ट नीट आहे ना, म्हणायचे.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. मी निवृत्तीला आले होते, पण ड्रेसिंग दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. जखम चांगली भरत होती, ताप उतरला होता, शुगर इन्सुलिनने ताळ्यावर आली होती. मुकुंदराव येऊन लाकडी पायाचं माप कधी घेता येईल ते बघून गेले. एकांबरम मात्र जेवण आलं की जेवायचे, पडून राहायचे. चादरीखाली एका बाजूला पायाचा उंचवटा आणि दुसऱ्या बाजूला सपाट, तिकडे ते बघत नसत.

रविवारी सकाळी मी ट्रे घेऊन वॉर्डात गेले तेव्हा सेल्वी त्यांच्या उशाशी घाबरून उभी होती. एकांबरम यांनी पलंगाच्या कडा दोन्ही हातांनी घट्ट धरल्या होत्या. कपाळावर घाम होता, ओठ आवळलेले होते.

"सिस्टर, मघापासून असंच करताहेत. डॉक्टरांना बोलावू?"

"काय होतंय, अय्या?" मी जवळ जाऊन विचारलं.

"भाजतंय," ते दातांतून म्हणाले. "उजवा पाय. तळवा भाजतोय. बोटं भाजताहेत."

सेल्वीने दचकून माझ्याकडे बघितलं. मी तिला समजावून सांगितलं. कापून टाकलेला पाय पुष्कळांना दुखतो. पाय गेलेला असतो, पण डोक्यातली त्याची जागा रिकामी झालेली नसते, तिथून कळा येतात. वर्षानुवर्षं बधिर असलेला पायसुद्धा गेल्यावर असा जागा होतो. हा वेडेपणा नाही. याच्यावर गोळी आहे, घेतली की अर्ध्या तासात बरं वाटेल. मी ट्रेमधली गोळी काढली, पाण्याचा पेला भरला आणि त्यांच्या मानेखाली हात घातला.

त्यांनी माझं मनगट धरलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा मात्र शिबिरातल्या त्या पहिल्या दिवसासारखा उजळला होता.

"नको अम्मा," ते म्हणाले. "गोळी नको. भाजू दे."

"अय्या, उगाच कशाला सोसता?"

"कळतंय मला. किती वर्षांनी कळतंय." मग त्यांनी मान वळवली. "सेल्वी, तू बरी आहेस ना?"

"मी बरी आहे, अप्पा."

"काही होणार नाही आता तुला."

मी पेला खाली ठेवला. गोळी देणं माझं काम होतं, तरी ती मी ट्रेत परत ठेवली. सेल्वी पलंगाच्या पायथ्याशी गेली. उजव्या बाजूला चादर जिथे सपाट झाली होती तिथे तिने वाकून बघितलं. मग त्या रिकाम्या जागेवर ती हलकेच फुंकर घालू लागली.